खानोलकर साहेबांना वसंत दाखवण्याचा प्रोग्रॅम

१८ फेब्रुवारी १९५७, सोमवार

आजपासून रोजनिशी नियमित. गेल्या वर्षीची फक्त चार जानेवारीपर्यंत आहे, पण आहे तेवढी उत्तम आहे.

कारण गंभीर. नोव्हेंबरात नागपूरची राजधानी गेली आणि आपण मुंबई राज्यात आलो. अर्धे लोक भोपाळला गेले, बाकीचे एकेक करून मुंबईला चाललेत. आता आमच्या रेकॉर्ड शाखेचा नंबर. मुंबईहून खानोलकर साहेब चार मार्चला येणार, आठ दिवस राहणार, आणि शाखा इथंच ठेवायची की मुंबईला न्यायची ते ठरवणार. आम्ही अकरा माणसं. अकराही तोंडं एरंडेल प्याल्यासारखी. जागेश्वर तेवढा मान खाली घालून लिहीत होता. त्याचा बाप मागावर बसायचा, हा टेबलावर बसतो. एकदा बसला की उठत नाही.

घरी शामलेला सांगितलं. ती म्हणाली, मुंबईले मी येणार नाही. तुमच्या आईले धड दिसत नाही, नीलाचं पुढच्या वर्षी मॅट्रिक. जायचं तर जा एकटे. एवढं बोलून तिनं कढीला फोडणी दिली.

एकटा? सत्तेचाळीस वर्षं झाली, मी अजून स्वतःचा चहा केलेला नाही.

पण मी हेडक्लार्क उगीच नाही झालो. जेवताजेवताच आयडिया सुचली. मुंबईच्या माणसानं काय पाहिलेलं असतं? समुद्र. म्हणजे पाणी. त्याला वसंत दाखवायचा! अंबाझरी, रामटेक, तेलंगखेडी, नरखेडच्या बागा. आठ दिवसांत साहेब नागपूरवर असा खूश झाला पाहिजे की, इथून काही हलवायची त्याची छातीच होऊ नये.

२० फेब्रुवारी, बुधवार

संकल्प :
रोज पाचला उठणे. सर्व स्थळांची आधी स्वतः पाहणी करणे. झाडांची व पक्ष्यांची नावे पाठ करणे. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद.

शाखेत प्लॅन सांगितला. जागेश्वरनं विचारलं, बडे बाबू, साहेब तर आपलं काम पाहाले येऊन राहिले ना? म्हटलं, जागेश्वर, काम सगळीकडे सारखंच असतं, वसंत सारखा नसतो.

प्रोग्रॅम त्याच्याकडून टाइप करून घेतला, तीन प्रतींत.

२४ फेब्रुवारी, रविवार

आज पाहणीसाठी रामटेकला जायचं होतं. साडेसातला जाग आली. गाडी गेलेली. हरकत नाही. रामटेक मला पाठ आहे. मुंजीनंतर एकदा गेलो होतो. डोंगर काही जागचा हलत नाही.

आई म्हणाली, माह्या लेकाले सारं माहीत असते. शामला तिकडून हसली. काहून हसली ते विचारलं नाही.

२७ फेब्रुवारी, बुधवार

जीप मिळत नाही. सगळ्या निवडणुकीच्या कामावर. बरंच झालं. जीपमधून निसर्ग दिसत नाही, धूळ दिसते. आपण बसनं आणि रेल्वेनं फिरू.

शामलेचा भाऊ मारोतराव नरखेडकडे असतो. त्याची संत्र्याची बाग आहे. त्याला सविस्तर पत्र लिहिलं. चार पानं. वसंताचं वर्णन असं उतरलं की स्वतःच दोनदा वाचलं. संत्री झाडावरच ठेव म्हणून बजावलं. मोठा कार्यक्रम तिथेच. झाडाखाली पानगे! पळसाच्या पानांत कणकेचे पानगे गुंडाळून गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. मुंबईवाल्यानं ते एकदा खाल्लं की विषय संपला.

खर्रा : फक्त दोन.

४ मार्च, सोमवार

साहेब आले. सडपातळ, शांत माणूस. खांद्याला थर्मास, खिशात छोटी वही. मी स्टेशनवरच हार घातला आणि प्रोग्रॅमची प्रत हातात दिली. ते म्हणाले, आधी ऑफिस पाहू या. म्हटलं, साहेब, ऑफिस कुठं पळून जातं? वसंत मात्र थांबत नाही. त्यांनी प्रोग्रॅमची घडी करून खिशात ठेवली. मग विचारलं, तुम्ही स्वतः रोज बरोबर येणार? म्हटलं, अर्थात! अतिथी देवो भव.

मग इथलं काम कोण पाहणार?

बरोबर आलेल्या जागेश्वरकडे बोट दाखवलं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. पहिल्याच भेटीत छाप पडली.

५ मार्च, मंगळवार

अंबाझरी. सूर्योदय दाखवायचा होता. साडेआठला पोचलो. साहेब विश्रामगृहाच्या पायरीवर साडेपाचपासून बसले होते असं चौकीदार म्हणाला. तर सूर्योदय त्यांना तिथेही दिसलाच असेल.

तलावावर एक पांढरा पक्षी होता. साहेबांनी नाव विचारलं. मी म्हटलं, हा हिमालयातून येतो, दुर्मीळ आहे. तेवढ्यात एक बाई काठावर आली आणि तिनं त्याला ये ये करून घरी नेलं. बदक होतं.

मग झाडं. पहिल्याला मी अर्जुन म्हटलं. साहेब हळूच म्हणाले, हा करंज ना? दुसऱ्याला करंज म्हटलं तर तो अर्जुन निघाला. म्हणजे नावं दोन्ही बरोबर होती, फक्त क्रम चुकला. साहेबांनी बॉटनीत बी.एस्सी. केलं आहे हे मुंबईनं आधी कळवायला नको?

अकराला परतलो. मी घरी येऊन पाय शेकले. साहेब जेवण करून ऑफिसात गेले म्हणे. जागेश्वर संध्याकाळी फाईली घेऊन सहीला आला. म्हणाला, साहेब दोन तास माझ्यापाशी बसून होते, रजिस्टरं पाहात होते. बिचारे! सभ्य माणूस, आल्यासारखं तोंड दाखवून आले. फाईलींवर माझ्या वतीनं तूच सही कर म्हटलं. प्रत्येक कागदाला मीच कशाला हवा?

६ मार्च, बुधवार

रामटेक. गाडीत साहेबांना वरून काय काय दिसतं ते सगळं सांगितलं. पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत अकरा वाजले. फाल्गुन असून ऊन वैशाखाचं. सत्तर-ऐंशी पायऱ्या चढलो आणि लक्षात आलं की देवाच्या दारी पाहुण्याला एकांत हवा असतो. मी तिथेच सावलीत बसलो. साहेब वर गेले.

दीड तासानं उतरले. चेहरा प्रसन्न. म्हणाले, दृश्य सुंदर आहे, पण तुम्ही सांगितलेलं त्यातलं काही दिसलं नाही. म्हटलं, धुकं असेल.

मग विचारलं, तुम्ही आठवडाभर असे बाहेर, काही अडत नाही का? मी छाती फुगवून म्हटलं, साहेब, माझी शाखा अशी बांधली आहे की मी महिनाभर नसलो तरी पत्ता लागणार नाही! त्यांनी लगेच लिहून घेतलं. मला भरून आलं.

खर्रा : मोजला नाही.

७ मार्च, गुरुवार

तेलंगखेडी. पायांना गोळे. शिवमंदिराच्या ओट्यावर बसून वसंतावर बोललो. साहेब आजूबाजूला फिरून आले.

दुपारी जागेश्वरचा निरोप. मुंबईला पाठवायचं तिमाही स्टेटमेंट तयार आहे, साहेबांना दाखवू का? कळवलं, दाखव. अशा बारीकसारीक गोष्टींसाठी मला उठवत जाऊ नकोस.

८ मार्च, शुक्रवार

विश्रांती. साहेब दिवसभर ऑफिसात. शामला म्हणाली, तुम्ही जा ना जरा, त्यांच्यासमोर दोन कागद तरी हलवा. म्हटलं, तुला यातलं कळत नाही. ते कागदाला कंटाळले की परवाची नरखेडची ट्रिप त्यांना दुप्पट गोड लागेल. ती म्हणाली, तुमच्यापुढं बोलून तोंडाची वाफ कोण दवडते!

बायकांना लांबचं दिसत नाही.

१० मार्च, रविवार. संध्याकाळ

नरखेड. सविस्तर लिहितो, कारण आज आपण जिंकलो.

सकाळची पॅसेंजर. साहेब, मी, शामला. स्टेशनवर मारोतरावचा छकडा असेल असं धरून चाललो होतो. नव्हता. दोन मैल पायी. बागेत शिरलो तर सगळी झाडं हिरवीगार, पण एकाही झाडावर संत्रं नाही. औषधाला नाही! मारोतराव धोतर सावरत धावत आला. म्हणाला, भाऊजी, तुम्ही असे अचानक? म्हटलं, अचानक कसा, चार पानांचं पत्र पाठवलं. तो म्हणाला, पत्र आलं ना जी. अख्ख्या वाड्यानं वाचलं. वसंत असा, कोकिळा तशी, सारं होतं. फक्त तुम्ही येता कोन्या तारखेले, तेच नव्हतं. मी वाट पाहू पाहू थकलो, मंग ठेकेदारानं गुरुवारी माल तोडून नेला.

शामलेनं पदर तोंडावर धरला. साहेब दूरच्या विहिरीकडे पाहात राहिले.

सखूबाईनं, मारोतरावच्या बायकोनं, घरातली आठ संत्री आणून ठेवली. साहेबांनी एक सोलून खाल्लं. म्हणाले, फार गोड. दादरला मिळतात ती जरा लहान असतात.

पण माझा हुकमाचा पत्ता बाकी होता. पानगे! सखूबाई म्हणाली, भाऊजी, पानगे नाही, आज रोडगेच करू. मी ऐकलं नाही. म्हटलं, आम्ही पुरुष करणार आणि पळसाची पानं मी स्वतः तोडून आणणार. साहेबांना म्हटलं, चला, जंगल दाखवतो. मारोतराव काही बोलू पाहात होता, त्याला हातानं थांबवलं.

अर्ध्या मैलावर पळसाचं बन. काय सांगू! नुसता जाळ लागल्यासारखं. शंभर झाडं, सगळी केशरी फुलांनी लदलेली. मी साहेबांना अभिमानानं दाखवलं आणि पानं तोडायला हात वर केला.

पान नव्हतं. दुसरं झाड पाहिलं. तिथंही नाही. सातआठ झाडं पाहिली. फुलं, फांद्या, मुंगळे. पान एक नाही.

साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, फाल्गुनात पळस पानं टाकतो ना, मग फुलतो. नवी पानं यायला अजून वेळ आहे. मागून मारोतराव आलाच होता. म्हणाला, पळसाले पानं तीनच म्हणते, जी, पण या महिन्यात तीही शोधू नका. हेच सांगून राहिलो होतो मघापासून.

नागपुरात जन्म गेला माझा. लग्नाच्या पंगतीत शेकडो पत्रावळींवर जेवलो. पण पान झाडावर कधी असतं आणि कधी नसतं, हे बघायला कोण गेलं होतं?

शेवटी रोडगेच. पानं लागत नाहीत, कणकेचे गोळे तसेच विस्तवात. मी गोवऱ्या रचल्या, धूर डोळ्यांत गेला. मारोतराव म्हणाला, भाऊजी, तुम्ही बसा. म्हणून आंब्याखाली जरा बसलो, डोळे मिटून पुढच्या कार्यक्रमाची आखणी करत होतो. शामलेनं हलवलं तेव्हा गाडीला पाऊण तास उरला होता आणि भांडी घासून झाली होती. सखूबाईनं माझ्यासाठी दोन रोडगे फडक्यात बांधून दिले.

साहेबांनी पाच खाल्ले म्हणे. तूप ओतून, बोटं चाटत. मारोतरावशी कलमं, विहिरी, खत यावर तीन तास गप्पा. जाताना सखूबाईला वाकून नमस्कार केला.

गाडीत साहेब म्हणाले, विश्वनाथराव, मी येताना शाखा हलवायचीच असं मनात धरून आलो होतो. पण इथली माणसं पाहिली, काम पाहिलं. आता माझं ठरलं.

ठरलं!! शामलेकडे पाहिलं. तिनं डोळे पुसले. धूर गेला असेल.

१२ मार्च, मंगळवार

साहेबांना मेलवर पोचवलं. अकराही जण हजर. डब्याच्या दारात उभं राहून साहेबांनी मला जरा बाजूला घेतलं. विचारलं, नोकरी किती वर्षं राहिली? म्हटलं, आठ. नागपूरबाहेर कधी राहिलात? म्हटलं, गरजच पडली नाही. मग म्हणाले, समजा, तुम्हाला एकट्याला मुंबईला यावं लागलं तर काही अडचण आहे का? मोकळेपणी सांगा.

आता असं बघा. निघताना पाहुण्यानं विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं. यजमानानं काय रडगाणं गायचं? भोवती शाखा उभी. मी म्हटलं, साहेब, आम्ही भोसल्यांच्या काळापासून चाकरी करणारी माणसं. सरकार पाठवेल तिथं आनंदानं! अडचण कसली?

बाजूला उभा जागेश्वर दचकला. साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि वहीत लिहून घेतलं.

घरी येऊन हे सांगितलं. शामला म्हणाली, असं काहून बोलले तुम्ही? म्हटलं, अगं, फॉर्मॅलिटी.

१६ मार्च, शनिवार

होळी जोरात. मोहल्ल्यात सगळ्यांना कळलंय की विश्वनाथरावांनी शाखा वाचवली. मी कुणाला मुद्दाम सांगितलं नाही. जो भेटला त्याला सांगितलं.

संकल्प : पुढच्या वर्षी नागपूरच्या वसंतस्थळांवर एक पुस्तिका काढणे. वृक्षांचं प्रकरण जागेश्वरकडे.

२८ मार्च, गुरुवार

हुकूम आला. मी म्हटलं, जागेश्वर, मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू दे. खुर्चीवर टेकून बसलो.

रेकॉर्ड शाखा नागपूर येथेच ठेवण्यात येत आहे. टाळ्या! दोघंतिघं उभे राहिले. मी हातानं शांत केलं. जागेश्वरनं पुढं वाचायला सुरुवात केली आणि थांबला. म्हणाला, बडे बाबू, बाकीचं तुम्हीच वाचा. म्हटलं, वाच रे, लाजतोस काय.

शाखेचे काम अत्यंत समाधानकारक. हेडक्लार्क संपूर्ण आठवडा जागेवर नसताना एकही प्रकरण अडले नाही, तिमाही विवरण वेळेआधी तयार होते. सबब दहा पदे कायम. हेडक्लार्कचे पद येथे अनावश्यक असल्याने मुंबई येथे वर्ग. प्रभार जागेश्वर यांच्याकडे. संबंधित कर्मचाऱ्याने स्थलांतरास आनंदाने संमती दर्शविली आहे. पंधरा एप्रिलपर्यंत रुजू व्हावे.

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

२९ मार्च, शुक्रवार

टाइपिंगची चूक. दुसरं काही असू शकत नाही. नाहीतर हे प्रमोशन आहे आणि साहेबांनी गुप्त ठेवलंय. बुद्धिमान लोकांची अशीच पद्धत असते.

तरी अर्ज लिहिला. द्यायला गेलो तर नियम आठवला. मीच गेल्या वर्षी बोर्डावर लावला होता, सर्व अर्ज हेडक्लार्कमार्फत. म्हणजे जागेश्वरमार्फत. त्यानं उभं राहून अर्ज घेतला. खूप चांगली शिफारस लिहिली. त्यात माझ्या दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, पण शिफारस चांगली होती. म्हणाला, बडे बाबू, तुम्ही माह्या खुर्चीवर बसा ना. ती खुर्ची माझीच होती.

८ एप्रिल, सोमवार

अर्ज नामंजूर. सोबत साहेबांचं खासगी पत्र, स्वतःच्या अक्षरात. तुम्ही रोज माझ्याबरोबर बाहेर राहिलात म्हणूनच मला शाखेचं खरं काम दिसलं, दहा कुटुंबं तुमच्यामुळे घरी राहिली, तुमच्या त्यागाचं मोल मी जाणतो. मारोतरावांना नमस्कार.

शामलेला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, दहा घरं राहिली आणि आपलंच तेवढं उठलं. पुन्हा म्हणाली, मी आईंना टाकून नाही येऊ शकत जी, तुम्ही रागावू नका. मी रागावलो नव्हतो.

१२ एप्रिल, शुक्रवार

उद्याची मेल. ट्रंक भरून झाली. शामलेनं स्टोव्ह कसा पेटवायचा ते शिकवलं. तीनदा. चहा जमला, आईनं पिऊन चांगला झाला म्हटलं. नीलानं कपातला तसाच ठेवून दिला.

दुपारी शाखेनं निरोप दिला. जागेश्वरनं हार घातला आणि त्याला बोलताच येईना. मलाही येईना. मी, ज्यानं आठ दिवस तोंड बंद केलं नाही!

साहेबांना मी तलाव दाखवला, देऊळ दाखवलं, नसलेली संत्री दाखवली, नसलेली पानं दाखवली. जे सांगायचं होतं ते एवढंच होतं. त्यांनी तर प्लॅटफॉर्मवर स्वतःहून विचारलं होतं, मोकळेपणी सांगा म्हणून. चार शब्दांचं काम होतं.

मले नाही जायचं, साहेब.

आता हे वहीत लिहून काय उपयोग?